राजीखुशीची वेठबिगारी

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखरपट्ट्यात एक समारंभ दरवर्षी होतो. कारखान्याचा बॉयलर पेटतो, अध्यक्ष सपत्नीक पूजा करतात, एखादे महाराज आशीर्वाद देतात आणि मग मान्यवरांच्या हस्ते गव्हाणीत उसाची मोळी टाकली जाते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छायाचित्र येते. त्यात फेटे असतात, उपरणी असतात, मोळीला हार असतो. ती मोळी कोणी तोडली, कोणी बांधली, कोणी डोक्यावर वाहून आणली, हे मात्र छायाचित्राखालच्या मजकुरात कधी आलेले नाही. येणारही नाही, कारण ते सांगू लागलो तर सहकाराच्या या मंगल सोहळ्याला एक अमंगल प्रश्न विचारावा लागेल. या मोळीमागच्या माणसाचा मालक कोण?

मालक हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नोकराला मालक असतो, तसा गुलामालाही असतो. नोकर म्हणावे तर ऊसतोड कामगाराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. आणि गुलाम म्हणावे तर, आपल्याला सांगण्यात येते, तो स्वतंत्र देशाचा सज्ञान नागरिक असून आपल्या राजीखुशीने उचल घेऊन राजीखुशीने कामावर आलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही राजीखुशी आहे.

उचल म्हणजे काय?

जी मंडळी शहरात कार्य करतात त्यांच्यासाठी ही व्यवस्था थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराला आगाऊ रक्कम देतो. ठेकेदार मुकादमाला देतो. मुकादम बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी अशा कोरडवाहू मुलखात फिरून जोड्या ठरवतो आणि पावसाळ्यातच, म्हणजे घरात दाणा नसतो आणि सावकार दारात असतो अशा वेळी, नवऱ्याच्या हातावर उचल ठेवतो. दहा-पंधरा जोड्यांची एक टोळी होते. दिवाळीच्या आगेमागे ही टोळी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे रवाना होते आणि पुढचे पाच-सहा महिने फडाच्या कडेला, पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोपीत राहते.

मजुरी टनावर. तीही हातात येत नाही, उचलीतून फिटत राहते. रोजच्या मिठामिरचीसाठी उसाचे वाढे विकून जे पैसे येतील ते. एक दिवस काम चुकले तर खाडा धरला जातो आणि त्याचा दंड उचलीत वाढतो. आजारपण म्हणजे खाडा, बाळंतपण म्हणजे खाडा, घरी मयत झाली तरी खाडा. गाडी रात्री दोन वाजता आली तर दोन वाजता भरावी लागते. हंगामाच्या शेवटी पट्टा पडतो, हिशेब होतो, आणि अनेक जोड्यांना कळते की सहा महिने राबूनही अंगावर बाकी उरलीच आहे. हिशेबाची वही मुकादमाकडे, वजनाचा काटा कारखान्याकडे आणि अंगठा तेवढा मजुराचा. उरलेली बाकी पुढच्या हंगामाची हमी ठरते.

हे सर्व ऐकून साखरपट्ट्यातला सुशिक्षित बागायतदार शांतपणे म्हणतो, "अहो, पण त्यांना कोणी बळजबरी केली? तेच तर मुकादमाच्या दारात उचल मागायला जातात. पुष्कळदा दोघादोघांकडून उचल घेऊन पळूनही जातात." यातले शेवटचे वाक्य खोटे नाही. उचल बुडवल्याची उदाहरणे घडतात, आणि त्यात लहान मुकादम खरोखरच बुडतो, कारण ठेकेदाराचे देणे त्याच्या मानेवर असते. ही बाजू आपण लपवता कामा नये. परंतु देणे बुडाल्यास सावकाराने दिवाणी दावा करावा, असा या देशाचा कायदा आहे. ऋणकोला उचलून आणावे, कोंडून घालावे, तो हाती न सापडल्यास त्याच्या बायकोला थांबवून ठेवावे, असा तो नाही. ज्या कर्जाची वसुली माणसाच्या देहावर ताबा मिळवून होते, ते कर्ज राहत नाही, ती खरेदी होते.

लग्नगड्याची राजीखुशी

हा युक्तिवाद महाराष्ट्राने पूर्वीही ऐकला आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये लग्नगड्याची पद्धत होती. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे. त्या वारल्यावरही कोणी पिस्तूल रोखले नव्हते. तोही सज्ञान होता, तोही आपल्या पायांनी जमीनदाराच्या ओसरीवर गेला होता. आणि त्या राजीखुशीचा अर्थ जमीनदाराने असा लावला होता की लग्नगड्याच्या श्रमावर जसा आपला हक्क आहे तसा त्याच्या बायकोच्या शरीरावरही आहे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठले तेव्हा त्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी एकाच घावात तोडल्या. श्रमाची गुलामी आणि देहाची गुलामी या दोन वेगळ्या समस्या आहेत, त्यांच्यासाठी दोन वेगळी खाती आणि दोन वेगळ्या परिषदा लागतात, असे त्या निरक्षर आदिवासींना वाटले नाही.

घटनाकारांनाही तसे वाटले नव्हते. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई केली आहे. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले, तेव्हाही त्यांच्यापुढे हाच पेच होता. वतन सोडायला महार स्वतःच तयार नाहीत, मग वेठ कसली, असा आक्षेप घेणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. बेडीची सवय होते, बेडीवाचून उपास पडतील अशी भीतीही वाटते. त्यामुळे बेडीचा दागिना होत नाही.

कायद्याने तर हा वाद केव्हाच निकालात काढला आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ साली त्याचे कायद्यात रूपांतर झाले. आणीबाणीचा तो काळ होता. वीस कलमांचा गजर चालू होता आणि समाजवादी चळवळीतले असंख्य कार्यकर्ते तुरुंगात होते. हुकूमशाहीच्या झाडाला लागलेले हे फळ असले तरी ते गोड आहे, हे मान्य करण्याचा मोकळेपणा आपल्यापाशी हवा. या कायद्याने आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याचे किंवा हवे तिकडे जाण्याचे स्वातंत्र्य गमावणाऱ्या माणसाला वेठबिगार ठरवले, त्याचे ते कर्ज रद्द केले, ते वसूल करणे हाच गुन्हा ठरवला, आणि हे कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर टाकली. पुढे १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही सक्तीची मजुरीच होय; भूक आणि दारिद्र्य यांची सक्तीही सक्तीच. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले की मजूर सक्तीने राबतो आहे असे दिसले की त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे.

म्हणजे कायदा पन्नास वर्षे जुना, न्यायनिवाडे चाळीस वर्षे जुने. १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेने याच कायद्याचा आधार घेऊन ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांना मुक्त केले. मग उसाच्या फडात तो का पोहोचत नाही? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. मुक्तीचा दाखला देण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्याकडे, दक्षता समितीचे अध्यक्षपदही त्याच्याकडे, आणि त्याच्या बदलीची किल्ली ज्यांच्या खिशात असते त्यांच्यापैकी अनेकांच्या नावाने एखादा साखर कारखाना उभा असतो.

कोयत्याचा दुसरा हात

ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम विचारतो, "किती कोयते आणले?" हत्याराच्या नावाने माणूस मोजण्याची ही रीत बोलकी आहे. या कोयत्याला दोन हात आहेत. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडीवर चढवते, आणि त्याआधी व त्यानंतर चूल, पाणी, पोरे हेही तिचेच. पण उचल घेताना हात एकच असतो, नवऱ्याचा. हिशेब होतो तोही त्याच्याशी. जिने निम्मा ऊस कारखान्यात पोहोचवला तिचे नाव ना मुकादमाच्या वहीत, ना कारखान्याच्या. ती ना कामगार, ना ऋणको, ना पगारदार. आणि विधवा किंवा टाकलेली बाई असेल तर ती अर्धा कोयता. तिला सोबत जोडणारा पुरुष कोण हे दुसरेच कोणी ठरवते.

जिचे नाव कोठेच नाही तिच्यावर झालेला अत्याचारही कोठे नोंदला जाणार? परका मुलूख, कोपीला दार नाही, आंघोळीला आडोसा नाही, शौचाला अंधाराची वाट पाहायची, आणि अपरात्री गाडी भरायला बोलावणे. भोवती मुकादम, ठेकेदार, गाडीवान, शेतमालक. यांपैकी एखाद्याने हात धरला तर ती कोणाला सांगेल? नवऱ्याला सांगितले तर भांडण होईल. भांडण झाले तर टोळी मोडेल. टोळी मोडली तर उचल एकदम परत मागतील. बाकीच्या जोड्याच तिला गप्प बसवतील, कारण त्यांचीही मान त्याच दोरात आहे. तिच्या मौनाला आपण लाज, अब्रू, संस्कार अशी नावे देतो. खरे पाहता तिच्या तोंडावर हात ठेवलेला आहे तो कर्जाचा. 'ती बोलली नाही, म्हणजे तिची संमती होती' हे वाक्य आणि 'त्याने उचल घेतली, म्हणजे त्याची राजीखुशी होती' हे वाक्य एकाच कारखान्याचा माल आहे.

आता तिच्या देहाचा दुसरा हिशेब पाहा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण भयावह असल्याचा बोभाटा २०१९ साली झाला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन पाहण्यांची तुलना काटेकोर नसेल. पण एवढी तफावत काटेकोरपणाच्या अभावातून निर्माण होत नाही. पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी, ना आडोसा, ना विश्रांती. त्यातून येणारे आजार, कर्करोगाची भीती घालणारे खासगी दवाखाने, आणि खाड्याच्या दंडाचा धाक. अशा तिठ्यावर उभी असलेली बाई 'पिशवी काढा' म्हणते. तीही सज्ञान, तिचीही सही, तिचीही राजीखुशी! अवयव गेला, पण खाडा वाचला. सरकारने काय केले? अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी असा निर्बंध घातला. तो योग्यच होता. पण खाडा तसाच राहिला. रोगाचा उगम फडात आणि बंदोबस्त दवाखान्यात, असा हा न्याय आहे.

हात वर करणारे

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कारखान्याला विचारा, तो सांगतो, हे ठेकेदाराचे मजूर. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी पण एकेकाळचा मजूरच. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या उसाच्या दरातून कापला जातो, पण टोळी आणतो कारखाना. पैसा शेतकऱ्याचा, हुकूम कारखान्याचा, वही मुकादमाची आणि जबाबदारी कोणाचीच नाही. ही रचना अपघाताने झालेली नाही. कोणत्या फडात कोणत्या दिवशी तोड जायची हे कारखाना ठरवतो, त्याचा चिटबॉय स्लिप देतो, त्याच्याच काट्यावर वजन होते. ज्याच्या हुकमाने काम चालते तो मालक, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. वाढ हवीच होती आणि ती मिळवण्यासाठी झालेल्या संपाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण करारात मुकादमाचे कमिशनही वाढते आणि मालक कोण हा प्रश्न मात्र दर वेळी बाजूला राहतो. वाटाघाटीच्या टेबलाच्या एका बाजूला साखरसम्राट असतात आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळदा मुकादमांच्याच संघटना. राबणारी बाई त्या खोलीत नसते.

२०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळापासून स्त्रियांना संरक्षण दिले. ठेकेदारामार्फत आणलेली स्त्रीही त्या कायद्याच्या कक्षेत आहे. मूळ मालकाला तिची माहिती नसली तरीही आहे. असंघटित स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असावी, तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी असावा, असे त्यात लिहिले आहे. आता बीडच्या बाईने सांगलीच्या फडात ही समिती कोठे शोधावी? तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे तीन महिने. धाकातून सुटून ती गावी पोहोचेपर्यंत मुदत संपत आलेली, आणि गाव दुसऱ्या जिल्ह्यात! त्याचप्रमाणे १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच लागू होता. बेळगावला गेलेली बीडची टोळी त्यात बसे, कोल्हापूरला गेलेली बसत नसे. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाला ऊसतोड कामगारांच्या शोषणाची स्वतःहून दखल घ्यावी लागली, ती सरकारच्या कर्तव्यदक्षतेमुळे खासच नव्हे.

आपला वाटा

दुसऱ्याला जाब विचारताना स्वतःला वगळून चालणार नाही. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा केला तेव्हा सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून शेतकरी सुटेल, हे स्वप्न होते. आपणही त्या स्वप्नाचे पोवाडे गायले आणि त्यात चूक नव्हती. पण सहकाराच्या व्याख्येत सभासद शेतकरी बसला, कारखान्यातला कायम कामगार काही झगड्यानंतर बसला, आणि फडातला मजूर कुंपणाबाहेर राहिला, हे पाहूनही आपण फारसे बोललो नाही. आपले अनेक सहकारी स्वतः ऊस पिकवतात. टोळी वेळेवर आली नाही की त्यांच्या तोंडी जी भाषा येते ती समाजवादाची नसते. आपल्या स्त्री-शिबिरांत बलात्कारविरोधी ठराव झाले, कामगार-शिबिरांत वेतनाचे ठराव झाले. फडातली बाई या दोन्ही शिबिरांच्या मधल्या बांधावर बसून राहिली.

आता नवा दिलासा देण्यात येतो की यंत्रे येत आहेत, हार्वेस्टर आला की हा प्रश्नच राहणार नाही. प्रश्न राहणार नाही हे कारखान्यापुरते खरे आहे. माणूस राहणारच आहे. तो उद्या वीटभट्टीवर जाईल, खाणीवर जाईल, आणि तेथेही त्याच्या हातावर प्रथम उचलच पडेल. यंत्राने कोयता जाईल, दोर जाणार नाही.

काय करावे?

उपाय अज्ञात नाहीत आणि त्यांतले काही महाराष्ट्रानेच देशाला शिकवलेले आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्या, कायम मालक नसलेल्या हमालाची नोंद केली, मंडळ स्थापले, मजुरी मंडळामार्फत दिली आणि मालकांकडून लेव्ही वसूल केली. हमालाला जे मिळाले ते डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला मिळू नये, असे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन झाले आहे, वसतिगृहांच्या योजना आहेत. पण कल्याण वाटणारे महामंडळ वेगळे आणि मजुरीचा व्यवहार हाती घेऊन मुकादमाची वही बंद करणारे वैधानिक मंडळ वेगळे. आपली मागणी दुसऱ्याची असली पाहिजे.

कारखाना हाच मालक, हे कायद्यात निःसंदिग्धपणे लिहिले जावे. प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र ओळखपत्र आणि तिच्या स्वतःच्या खात्यात तिची मजुरी असावी. कोयता मोडून त्याची दोन माणसे करावीत. हंगामापूर्वीची नड भागवायला मंडळाने वा बँकेने कर्ज द्यावे आणि त्याची वसुली देहाशी बांधलेली नसावी. खाड्याचा दंड गुन्हा ठरावा. पाळीच्या, आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या काळात हक्काची रजा असावी. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी हंगामभर कारखान्याच्या आवारात समिती बसावी, आणि तक्रार गावी परतल्यावरही तेथल्या तालुक्यात घेतली जावी. आणि सर्वांच्या मुळाशी, ऑक्टोबर ते मार्च या काळात गावातच हमीचे काम मिळावे. बहात्तरच्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग काढला, तो याच मुलखासाठी. गावात काम असलेला माणूस मुकादमाला 'नाही' म्हणू शकतो. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो'ला राजीखुशी म्हणावे.

पण मंडळ होईपर्यंत, कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसायचे कारण नाही. १९७६ चा कायदा आज जिवंत आहे. कोंडून ठेवलेल्या जोडीची बातमी कळताच जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि मुक्तीच्या दाखल्यासाठी तेथेच ठाण मांडावे. २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेने मुक्त पुरुषाला एक लाख, स्त्रीला दोन लाख आणि लैंगिक शोषणासारख्या अतिदारुण प्रसंगी तीन लाख रुपयांची तरतूद केली. दाखल्यावाचून हे सारे कागदावरच राहते. जिल्हा दक्षता समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, तिच्यावर सभासद कोण, हे आपल्या प्रत्येक तालुका शाखेने या महिन्यात विचारावे. ज्यांच्या शिवारात टोळ्या उतरतात त्या गावांतल्या कार्यकर्त्यांनी निदान एकदा कोपीवर जावे, बायांशी आपल्या महिला कार्यकर्त्यांनी बोलावे, आणि जाताना वही न्यावी. मुकादमाच्या वहीत जी नावे नाहीत ती आपल्या वहीत लिहिली तर पुढच्या लढ्याचा तो पहिला दस्तऐवज होईल.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा बॉयलर पेटेल, पुन्हा गव्हाणीत मोळी पडेल. त्या दिवशी आपल्यापैकी कोणाला समारंभाचे निमंत्रण आले, आणि ते येतेच, तर व्यासपीठावर जाण्यापूर्वी त्याने अध्यक्षांना सर्वांदेखत एवढेच विचारावे : ही मोळी बांधणाऱ्या बाईचे नाव काय? उत्तर आले नाही तर खुर्चीवर बसू नये.